टॅब दाबू नका

सतरा वर्षं मी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिले, आणि ते सगळे माउस धरून लिहिले. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. माझ्या धंद्यातला माणूस हसेल. हसावं, माझी काही हरकत नाही. पण जे झालं ते एकदा सांगून टाकावं असं बरेच महिने वाटत होतं.

आमचं ऑफिस भिलाईतल्या सुपेल्यात, चौकातून आत गेलं की टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मालक, मी, आणि एखाद-दोन वर्षं टिकणारी एक-दोन मुलं-मुली. आम्ही धरमकाट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. धरमकाटा म्हणजे ट्रक उभा करून वजन करायचा काटा. भिलाईच्या चारी बाजूंना ते आहेत, कारण इथे लोखंड, भंगार, गिट्टी, राख असं सतत काहीतरी ट्रकमधून इकडून तिकडे जात असतं. ट्रक काट्यावर चढतो, वजन वायरीतून कॉम्प्युटरमध्ये येतं, खिडकीशी बसलेला माणूस गाडीचा नंबर, पार्टीचं नाव, माल वगैरे भरतो आणि वजनाची पर्ची छापून देतो. ती पर्ची छापणारा प्रोग्राम माझा.

मला हे काम कोणी नीट शिकवलं नाही. हिंदी माध्यमाची शाळा, मग इथल्याच कॉलेजात बीएस्सी, मग एका वर्षाचा कॉम्प्युटर क्लास. तिथे एका मशीनवर आम्ही तिघं बसायचो. माउस ज्याच्या हातात यायचा त्याचं नशीब. सर फळ्यावर लिहायचे, अमुक मेनूत जा, तिथून तमुक उघडा. वर मेनूत जे दिसतं तोच रस्ता, असं तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच. कॉपी आणि पेस्टची बटणं तेवढी कीबोर्डवरून यायची. बाकी सगळं माउसनं. हजारो ओळींच्या फायलीत एखादं फंक्शन, म्हणजे एका कामापुरता प्रोग्रामचा तुकडा, शोधायचं तर मी माउसचं चाक फिरवत बसायचो. वर, खाली, पुन्हा वर.

मग दुर्गची एक मुलगी आमच्याकडे लागली. नुकतीच इंजिनिअरिंग झालेली, रोज लोकलनं यायची-जायची, हिंदीच बोलायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती माझ्या मागे उभी राहून काम बघत होती. मी चाक फिरवत होतो. तिनं बराच वेळ धीर धरला असावा.

"सर, आप क्या ढूँढ रहे हो?"

मी सांगितलं, हे फंक्शन कुठे लिहिलंय ते.

"तो नाम पे कर्सर रखके एफ-बारा दबाइए ना."

मी दाबलं. स्क्रीन एकदम बदलली. फंक्शन समोर होतं, दुसऱ्याच फायलीतलं. तिनं हात पुढे करून अजून एक बटण दाबलं, आणि आम्ही परत जिथे होतो तिथे आलो. मग तिनं ऑल्ट धरून बाण दाबला आणि एक अख्खी ओळ उचलल्यासारखी वर गेली. मी ओळ हलवायची तर ती निवडायचो, कापायचो, वर जायचो, जागा करायचो, चिकटवायचो.

"हे कधीपासून आहे?" मी मराठीतच विचारलं. तिला कळलं.

"शुरू से ही होगा, सर."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तिला त्यात काही वाटलं नव्हतं. मी त्या दिवशी डबा उघडला आणि अर्धा तसाच बंद केला. लोक म्हणतात नवीन काही शिकलं की आनंद होतो. मला आनंद झाला नाही. मला माझ्या मुलीच्या शाळेतलं गॅदरिंग आठवलं. ती तिसरीत होती, नाचात होती, आणि मी एक चूक सापडत नाही म्हणून इथे याच खुर्चीवर चाक फिरवत बसलो होतो. चूक सापडली तोवर शाळेतून सगळे घरी आले होते. बायकोनं मुलीच्या गालांवरची लाली पुसायला ओला रुमाल घेतला. आता ती मुलगी बारावीला आहे. एफ-बारा तेव्हाही होतं.

पुढचे काही दिवस मी वहीत यादी करत होतो. प्रत्येक बटण दाबून बघायचं आणि लिहायचं. सोपी बटणं. इतकी सोपी की लिहिताना लाज वाटायची. ती मुलगी विचारलं की सांगायची, हसायची नाही, आणि तिचं ते न हसणं मला जास्त लागायचं. रात्री अंथरुणावर पडलो की बोटं आपोआप चादरीवर हलायची. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

एका सकाळी मालकानं त्या मुलीला धरमकाट्याचा प्रोग्राम समजून घ्यायला सांगितलं. तिनं तो चालवला, गाडीचा नंबर टाकला आणि सवयीनं टॅब दाबला. टॅब दाबला की पुढच्या चौकटीत जायला हवं. माझ्या प्रोग्राममध्ये ती थेट 'कॅन्सल' बटणावर गेली. तिनं पुढचं नाव टाइप करून एन्टर दाबला आणि भरलेलं सगळं उडालं.

"सर, इसका टॅब ऑर्डर गड़बड़ है," ती म्हणाली.

गडबड मला माहीत होती. पहिल्यांदा बनवला तेव्हा चौकटी चारच होत्या. मग गिऱ्हाइकं सांगतील तशा वाढवत गेलो. ज्या क्रमानं चौकटी टाकल्या त्याच क्रमानं टॅब उड्या मारायचा. मला वाटायचं हा कॉम्प्युटरचा स्वभावच आहे. तिनं एका मेनूतून काहीतरी निवडलं, आणि फॉर्मवर प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एक आकडा उमटला. हव्या त्या क्रमानं एकेका आकड्यावर क्लिक करत जायचं, बस. मग तिनं बटणाच्या नावात, सेव्ह या शब्दाच्या आधी, '&' हे एवढंसं चिन्ह टाकलं. प्रोग्राम चालवल्यावर नावाच्या पहिल्या अक्षराखाली रेघ आली. ऑल्ट आणि ते अक्षर दाबलं की बटण दाबलं जायचं. माउस लागत नव्हता.

एक चिन्ह. दुपारच्या डब्यानंतर मी बसलो आणि चार वाजताचा चहा यायच्या आत सगळा फॉर्म दुरुस्त झाला. वजन घ्या, सेव्ह, प्रिंट, शोधा, सगळं कीबोर्डवर. चहा आला तो मी प्यायलो नाही, कारण तेव्हा मला ताई आठवल्या.

औद्योगिक भागाकडे जाताना एक धरमकाटा आहे, तो आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. तिथे खिडकीशी एक ताई बसायच्या. पन्नाशीच्या आसपासच्या. त्यांचे वडील रेल्वेत, नागपूरकडून बदली होऊन दुर्गला आलेले, त्यामुळे त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या, आमच्या घरच्यासारख्याच. बाहेर मराठी बोलायला मिळालं की त्यांना बरं वाटायचं. प्रोग्राम बसवायला गेलो तेव्हा मीच त्यांना शिकवलं. सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत ट्रक लागलेले असायचे. भरलेला ट्रक एकदा, रिकामा परत आला की पुन्हा एकदा. दर वेळी माउस इथे, माउस तिथे. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, "मैडम, जल्दी करो."

दोन-तीन महिन्यांतच त्यांचा फोन आला होता.

"भाऊ, हे टॅब दाबलं की पर्ची उडून जाते जी. कावून होते असं?"

"टॅब दाबू नका, ताई. माउसच वापरा."

"पन कीबोर्डनं नाई होत का? टायपिंग येते मले. मी परीक्षा पास केली हाय. माउसनं लय टाइम लागते, अन् हे ड्रायव्हर लोक डोक्यावर उभे राहून रायले."

मी म्हणालो, बघतो, पुढच्या व्हर्जनमध्ये करून देतो. मला करता येत नव्हतं. येत नाही असं म्हणायला जीभ वळली नाही. पुढच्या खेपेला तिकडे गेलो तेव्हा मीच एक कागद घेतला, त्यावर स्केच पेननं मोठ्या अक्षरांत 'टैब न दबाएँ' असं लिहिलं आणि त्यांच्या मॉनिटरला सेलोटेपनं चिकटवला. त्या म्हणाल्या, "बरं केलं. इसरून जाते मी."

वर्षातून एकदा-दोनदा माझं जाणं व्हायचं. एकदा माउसच्या बाजूला त्यांनी टॉवेलची घडी ठेवलेली दिसली, मनगट टेकायला. त्याच्या पुढच्या वर्षी मनगटाला पट्टी बांधलेली होती.

"काय झालं, ताई?"

"हात दुखते जी. रातच्याले मुंग्या येतात."

"बाम लावा," मी म्हणालो आणि प्रिंटरची वायर तपासायला टेबलाखाली वाकलो.

हे सगळं मला त्या दुपारी चहा समोर असताना आठवलं. आठवलं म्हणणं खरं नाही. विसरलोच नव्हतो. फक्त त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेतला आणि स्कूटर काढली. मालकाला सांगितलं, सर्व्हिसला जातो. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. ताई, आता टॅब दाबा. ताई, आता माउसला हात लावू नका. कागद मी माझ्या हातानं काढणार होतो.

खिडकी बंद होती. काट्याच्या दोन्ही टोकांना खांब उभे केले होते, त्यांच्यावर कॅमेरे. ट्रक आला, कॅमेऱ्यानं नंबर वाचला, बाहेरच्या एका पेटीतून पर्ची आपोआप बाहेर आली. ड्रायव्हरनं खाली न उतरता हात काढून ती ओढली आणि तो गेला. आत खोलीत काट्याच्या मालकाचा पुतण्या मोबाइल बघत बसला होता.

"आपका सॉफ्टवेयर तो छह महीने हुए बंद कर दिया," तो म्हणाला. "आपके सेठ को बताया था."

सेठनं, म्हणजे आमच्या मालकानं, मला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात स्टुलावर होता, त्यावर धूळ. कागद अजून चिकटलेला होता. सेलोटेप पिवळी पडली होती, अक्षरं फिकट झाली होती, पण वाचता येत होती.

"और मैडम?"

"वो तो उसके पहले ही छोड़ गईं. हाथ का ऑपरेशन हुआ उनका. माउस पकड़ा ही नहीं जाता था."

मी कागद काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. माझा नव्हता तो कॉम्प्युटर. पुतण्यानं चहा विचारला. मी नको म्हणालो आणि तरी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. अजून दोन ट्रक गेले. कोणालाही कुठलंही बटण दाबावं लागलं नाही.

घरी, वैशाली नगरला, बाबा ओसरीत बसले होते. बाबा इथल्या पोलाद प्लांटमध्ये क्लार्क होते. आयुष्यभर टाइपरायटर चालवला, कीबोर्डकडे न बघता, दहा बोटांनी. मी लवकर कसा आलो म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी का कोण जाणे सगळं सांगितलं. एफ-बारापासून कागदापर्यंत. मी शेवटी म्हणालो, "मला कोणी शिकवलंच नाही, बाबा."

"तू इचारलं कवा?" ते म्हणाले.

मी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"पंधरा-सतरा वर्सं झाली. एकाले तरी इचारलं का, भाऊ, हे असंच असते का म्हनून? मी बी टाइपिंग करून रायलो होतो, तुले दिसत नव्हतं? मले इचारलं असतं तर मले त्या मशीनचं काई समजलं नसतं, पन एवढं सांगतलं असतं का बटनांवरून हात उचलाले लागू नये. टाइपिंगमंदी पयले तेच शिकवतात."

ते रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटलं असावं, आणि ते त्यांना रागावल्यासारखंच बोलता येतं. आई आतून म्हणाली, "आता कायले बोलता त्याले." बाबा उठून आत गेले.

ताईंचा पत्ता मी काट्याच्या मालकाच्या पुतण्याकडून फोनवर घेतला. रविवारी जुनवानीला गेलो. कॉलनीच्या मागच्या गल्लीत एकमजली घर, बाहेर लोखंडी गेट, आत तुळशीच्या कुंड्या. त्यांनी लगेच ओळखलं. "या बाप्पा, सॉफ्टवेअरवाले भाऊ," म्हणाल्या आणि घरात कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं. सून होती, तिनं पाणी आणलं. ताईंनी ग्लास डाव्या हातानं घेतला. उजव्या मनगटावर आतल्या बाजूला एक उभा व्रण होता, अंगठ्याच्या खालचा भाग बसल्यासारखा झाला होता.

"नस दबली म्हने," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हनाले, लवकर याले पायजे होतं. ऑपरेशन झालं, मुंग्या कमी झाल्या, पन ताकद नाई आली. पोळी लाटता येत नाई. सून करते."

मी विचार करून आलो होतो की सगळं सांगायचं. मी सांगायला लागलो. ताई, तुम्ही मला फोनवर विचारलं होतं, कीबोर्डनं होत नाही का. ते होत होतं. एका दुपारचं काम होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं की पुढच्या वेळी करतो.

त्या ऐकत होत्या. मला वाटलं चिडतील. चिडल्या असत्या तर मला बसता आलं असतं तिथे.

"म्हंजे टॅब दाबता आला असता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् एवढे वर्सं मले वाटे का मीच काई चुकीचं करते." त्या थोडं हसल्या, मग थांबल्या. "आमच्या मालकाले मी म्हनलं होतं, हे माउसचं काम लय जड जाते. तो म्हने, मैडम, बूढ़ी हो गई हो. मले बी वाटलं, झाली असेन. म्हनून मंग बोललीच नाई कोनाजवळ."

सून दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघता येत नव्हतं.

"ताई, डॉक्टरांना दुसरीकडे दाखवू या का? रायपूरला?"

"दाखवलं जी. सगळं करून झालं." त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला, कोणाची तरी वस्तू ठेवावी तसा. "मले ते काम आवडे, भाऊ. खरं सांगू का. गाड्या येत, नंबर टाकत होती, ड्रायव्हर लोक ओळखत होते. काई लोक माझ्यासाठी रायपूरवरून भाजी आनत. घरी बसून दिवस जात नाई."

पेन ड्राइव्ह खिशात होता. तो मी का आणला होता देव जाणे. ताईंच्या मुलाच्या लॅपटॉपवर त्यांना दाखवीन, असं काहीतरी डोक्यात होतं. बघा, आता असं करता येतं म्हणून. घरातून निघताना ते बरं वाटलं होतं. समोर बसल्यावर कळलं की ते किती वाईट आहे, आणि मी हात खिशातून बाहेर काढला.

चहा झाला. त्यांनी बाबांची चौकशी केली, मुलगी कितवीत आहे विचारलं. मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या.

"मनाले लावून नका घेऊ," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पन तेवा इचारून सांगतलं असतं तर बरं झालं असतं."

"हो, ताई."

"जाताना गेटची कडी लावून जा, भाऊ. आतून मले ओढता येत नाई, अन् गाई घुसतात."

कडी गंजलेली होती, जोर लावावा लागला. मी ती लावली आणि स्कूटरला किक मारली.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलंय. ती दुर्गची मुलगी पुण्याला गेली. दुरुस्त केलेला प्रोग्राम उरलेल्या काट्यांवर मी बसवला. बहुतेकांनी लक्षही दिलं नाही, त्यांना माउसची सवय झाली आहे, आणि एक-दोघांनी तक्रार केली की अक्षरांखाली रेघा का येतात. कॅमेरे दर महिन्याला अजून एका काट्यावर लागतात. मालक म्हणतात, आपलंही असं काहीतरी करावं लागेल, नाहीतर दुकान बंद. मी हो म्हणतो. कुठून सुरुवात करायची ते मला माहीत नाही, आणि आता मी कोणाला विचारू हेही माहीत नाही. विचारायला हवं हे कळलंय, पण ज्यांना विचारायचं ती सगळी मुलं माझ्या मुलीहून थोडीच मोठी, आणि ती फार पटापट बोलतात.

जुनवानीला परत गेलो नाही. दोनदा निघालो होतो. एकदा फळंसुद्धा घेतली. दोन्ही वेळा सुपेल्याच्या चौकातून स्कूटर वळवली आणि ऑफिसला आलो, रविवार असूनही, आणि कुलूप लावलेल्या दारासमोर थोडा वेळ पायरीवर बसलो.